डोळ्यांच्या ड्रॉपवर लेबल कसं लावावं: मेडिकलच्या काउंटरवर नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी

डी.फार्म. झालं, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि इंदूरच्या एखाद्या मेडिकलमध्ये तुम्ही काउंटरमागे उभे राहिलात. पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची चिठ्ठी पुढे सरकवेल. तीन ड्रॉप, एक मलम, थोड्या गोळ्या. गोळ्यांची चिंता नसते. स्ट्रिपवर पेनानं 'सकाळ-रात्र' लिहिलं की काम भागतं. ड्रॉपचं तसं भागत नाही, आणि कॉलेजात हातात बाटली देऊन हे कुणी शिकवत नाही. मी बरीच वर्षं टिळकनगरच्या बाजूला काउंटर सांभाळते. दुकानात नवी मुलं-मुली आली की त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं. आपण सूचना लिहितो खोक्यावर, आणि खोकं घरी पोचल्यावर उघडून टाकून दिलं जातं. आपल्या इंदुरात तर दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि सुक्या कचऱ्यातून तुमची सगळी मेहनत घेऊन जाते. घरात उरते फक्त बोटाएवढी बाटली, आणि ती वाचणार कोण, तर ज्याच्या डोळ्याला पट्टी आहे तो. म्हणून लेबल बाटलीवरच हवं, मोठ्या अक्षरात हवं, आणि त्यावर 'किती दिवस' याऐवजी 'कोणत्या तारखेपर्यंत' हे हवं. पुढचं सगळं या तीन गोष्टी जमवण्यासाठीच आहे.

काउंटरवर काय हवं

कोऱ्या पांढऱ्या स्टिकरचे कागद (खजुरी बाजारात स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात मिळतात, दोन बोटं रुंद आणि एक बोट रुंद असे दोन आकार घ्या), काळा परमनंट मार्कर बारीक टोकाचा, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, कात्री, दुकानाचा शिक्का, टिकल्यांचं एक पाकीट आणि भिंतीवर मोठं कॅलेंडर. टिकल्या कशाला ते पुढे येईल.

जेल पेन नको. ड्रॉपचा एक ओघळ आला की अक्षरं पसरतात. बिलाच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर लेबल काढायचा मोह होतो, कारण अक्षर सुबक येतं. पण तो कागद उन्हात नि उष्णतेत काळवंडतो किंवा पुसट होतो. महिनाभर टिकायला हवं त्या लेबलासाठी तो माझ्या मते कामाचा नाही. लेबलाचा चांगला प्रिंटर असेल तर उत्तमच, नसेल तर मार्कर आणि स्वच्छ अक्षर पुरतं.

१. चिठ्ठी वाचा, आणि डोळ्याच्या डॉक्टरची आहे हे ध्यानात ठेवून वाचा

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. एरवी चिठ्ठीवर 'ओडी' दिसलं की आपण 'दिवसातून एकदा' समजतो. नेत्रतज्ज्ञांच्या लिखाणात तीच दोन अक्षरं 'उजवा डोळा' म्हणून येतात. 'ओएस' म्हणजे डावा, 'ओयू' म्हणजे दोन्ही. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर आरई, एलई, बीई (उजवा, डावा, दोन्ही) असं लिहितात, त्यामुळे गोंधळ कमी होतो. पण एखाद्या चिठ्ठीवर 'ओडी – क्यूआयडी' लिहिलेलं आलं की नवा माणूस चक्रावतो: एकदा की चारदा? उत्तर असतं उजव्या डोळ्यात चार वेळा. शंका असेल तर अंदाज करू नका, चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावा. डॉक्टर ओटीत असतील तर त्यांच्या ऑप्टोमेट्रिस्टला किंवा रिसेप्शनला विचारून उत्तर मागवा. पेशंट दहा मिनिटं बाकावर बसला तर बिघडत नाही.

दुसरी नजर टक्क्यांवर. ॲट्रोपिनचा १ टक्क्याचा ड्रॉप असतो आणि लहान मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून दिला जाणारा ०.०१ टक्क्याचाही असतो. दोघांत शंभर पटींचा फरक. चिठ्ठीवर घाईत लिहिलेलं दशांशचिन्ह दिसत नाही, आणि मूल आठ वर्षांचं असेल तर १ टक्क्याच्या ड्रॉपनं त्याची बाहुली बरेच दिवस मोठी राहते, उजेड सहन होत नाही, वहीतलं अक्षर दिसत नाही. काचबिंदूचा टिमोलॉल ०.२५ आणि ०.५ टक्के असा दोन्हींत येतो. तिथे पेशंटला दमा आहे का, नाडी मंद चालते का, हेही विचारा. डोळ्यात टाकलेलं टिमोलॉल रक्तात उतरतं आणि दमेकऱ्याला धाप लागू शकते. चिठ्ठी छातीच्या डॉक्टरनं पाहिलेली नसते, हे आपण लक्षात ठेवायचं.

तिसरं, औषध किती दिवस. 'एक आठवडा' आणि 'पुढच्या तपासणीपर्यंत' यांत फरक आहे. मुदत लिहिलेलीच नसेल तर तीही विचारून घ्या. मुदतीशिवाय स्टेरॉइडच्या ड्रॉपवर लेबल लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक सरळ गोष्ट: चिठ्ठीवर लिहिलेल्या शेड्यूल एचच्या (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाऐवजी दुसरा ब्रँड आपल्या मनानं देता येत नाही, आत औषध तेच असलं तरी. ड्रग्ज रूल्समधल्या नियम ६५ मध्ये तसं लिहिलेलं आहे. लिहिलेला ब्रँड शेल्फवर नसेल तर डॉक्टरांना विचारा, किंवा दवा बाजारातून मागवून संध्याकाळी द्या.

२. बाटली खोक्यातून बाहेर काढा

खोकं पाहून बाटली देणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी सवय आहे आणि ड्रॉपच्या बाबतीत ती मोडायलाच हवी. बाटली बाहेर काढा. तिच्यावरचं नाव, टक्केवारी, बॅच आणि एक्सपायरी खोक्याशी जुळवा. सील नीट आहे का बघा. मग बाटलीवर लिहिलंय काय ते वाचा: डोळ्यांसाठी, कानांसाठी, की दोन्हींसाठी. सिप्रोफ्लॉक्सासिनचा 'आय/इअर' ड्रॉप दोन्हीकडे चालतो. पण फक्त कानाचा ड्रॉप डोळ्यात चालत नाही, कारण डोळ्याचं औषध निर्जंतुक असावं लागतं आणि कानातल्या मळासाठीच्या ड्रॉपमध्ये असतात तशी द्रव्यं बुब्बुळ भाजून काढतात. दोन्ही बाटल्या सारख्याच प्लॅस्टिकच्या, सारख्याच उंचीच्या. घरात एकाच डब्यात पडलेल्या असतात.

कंपनीनं काय छापायचं हे ड्रग्ज रूल्सच्या शेड्यूल एफएफमध्ये ठरलेलं आहे. डोळ्यांच्या औषधांसाठीच हा भाग आहे. उघडल्यापासून एक महिन्यात वापरा, नोझलचं टोक कशालाही लावू नका, जळजळ राहिली किंवा वाढली तर थांबवा आणि डॉक्टरला दाखवा, प्रिझर्वेटिव्ह कोणतं आणि किती, हे सगळं त्यात येतं. म्हणजे छापलेलं सगळं आहेच. पण ते इंग्रजीत आहे आणि अक्षर इतकं बारीक की मला स्वतःला चष्मा लावून खिडकीशी जावं लागतं. आपलं लेबल यातलं कामाचं तेवढं उचलतं.

बाटली हलवून पाहा. प्रेडनिसोलोन ॲसिटेट, नेपाफेनॅक, ब्रिन्झोलमाइड, नॅटामायसिन ही दुधाळ सस्पेन्शनं असतात. बाटली उभी ठेवली की औषध तळाशी बसतं. न हलवता टाकलं तर पहिल्या आठवड्यात नुसतं पाणी आणि शेवटी दाट औषध डोळ्यात जातं. यांच्या लेबलवर 'हलवून टाका' हे शब्द सगळ्यांत वर.

३. लेबलवर काय लिहायचं

जागा दोन बोटांची, त्यामुळे काय गाळायचं हेच आधी ठरवावं लागतं. औषधाचं नाव पुन्हा लिहू नका, ते बाटलीवर छापलेलं आहे. दुकानाचा पत्ता खोक्यावर आणि बिलावर आहे. बाटलीवरच्या लेबलावर मी एवढंच लिहिते:

पेशंटचं नाव
कोणता डोळा
कशासाठी (जंतूसाठी / सुजेसाठी / काचबिंदूसाठी)
किती थेंब, दिवसातून किती वेळा
कोणत्या तारखेपर्यंत
उघडली ता. ___  फेकायची ता. ___

मराठी घरासाठी नमुना असा (याच्या वर पेशंटचं नाव आणि खाली उघडल्याची-फेकायची तारीख येईल):

हलवून टाका
उजवा डोळा
सुजेसाठी
१ थेंब, दिवसातून ४ (चार) वेळा
१८ तारखेपर्यंत

अंकाबरोबर अक्षरात लिहायची सवय ठेवा. रामबागेतल्या आजी देवनागरी अंक वाचतात, त्यांचा नातू फक्त इंग्रजी अंक ओळखतो, आणि मार्करनं घाईत काढलेला १ कधी ९ वाटतो. 'चार' लिहिलं की वाद मिटतो.

इंदुरात अर्ध्याहून जास्त लेबलं तुम्ही हिंदीतच लिहाल. तिथे एक काळजी: 'दाईं आँख' आणि 'बाईं आँख' यांत एका अक्षराचाच फरक आहे, आणि तो नेमका आधीच धूसर दिसणाऱ्या माणसाला ओळखायचा आहे. मी 'दाहिनी' लिहिते आणि 'बाईं' लिहिते. शब्दांची लांबी वेगळी असली की दुरूनही कळतं. मराठीत 'उजवा' आणि 'डावा' यांची ही अडचण नाही. चिठ्ठीतली संक्षेपं लेबलवर उतरवू नका. 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' हे आपल्यासाठी आहे, आजींसाठी नाही.

'दर दोन तासांनी' असेल तर झोपेत काय, हे लिहायला विसरू नका. बुब्बुळावर जखम असली तर डॉक्टर रात्रीही टाकायला सांगतात, एरवी जागेपणीच अभिप्रेत असतं. तेव्हा विचारून 'जागे असेपर्यंत' किंवा 'रात्रीसुद्धा' यातलं एक लिहा. आणि गोळ्यांचं ते '१-०-१' (सकाळ-दुपार-रात्र) ड्रॉपवर लिहू नका. सहा वेळा टाकायचं औषध त्या साच्यात बसतच नाही.

'कशासाठी' हे मी मुद्दाम लिहिते. नातेवाईक बदलतात. दिवसा सून असते, रात्री मुलगा. औषधाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही, 'सुजेचं' आणि 'जंतूचं' राहतं. काचबिंदूला आपल्या भागात बहुतेक जण 'काला मोतिया' म्हणतात, तर हिंदी लेबलावर तेच लिहा. फक्त एक विचार करा: पेशंटला स्वतःला रोग माहीत आहे ना? लेबलवरून पहिल्यांदा कळणं बरं नव्हे.

४. कमी होत जाणारा डोस

इथे सावकाश वाचा, कारण मोतीबिंदूनंतरच्या चुका बहुतेक इथल्याच असतात. स्टेरॉइडचा ड्रॉप एकदम बंद करत नाहीत, उतरवत आणतात. चिठ्ठीवर ते एका ओळीत असतं: '६-५-४-३-२-१, दर आठवड्याला'. वाचताना आपल्याला स्वच्छ कळतं. पेशंटला यातून कळतं ते असं की सहा वाजता, पाच वाजता, चार वाजता. मी हे ऐकलेलं आहे.

या ओळीचा तारखांत उलगडा करा. समजा ५ जानेवारीपासून सुरू:

५ ते ११ जानेवारी – सहा वेळा
१२ ते १८ जानेवारी – पाच वेळा
१९ ते २५ जानेवारी – चार वेळा
२६ जानेवारी ते १ फेब्रुवारी – तीन वेळा
२ ते ८ फेब्रुवारी – दोन वेळा
९ ते १५ फेब्रुवारी – एकदा, मग बंद

हे बाटलीवर मावत नाही, तसा प्रयत्नही नको. वेगळ्या अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि बाटलीच्या लेबलवर 'कागद पाहून टाका' असं लिहा. कागद फ्रीजच्या दारावर लावायला सांगा. तुमच्या डॉक्टरची उतरंड वेगळी असेल. काही चारपासून सुरू करतात, काही दोन आठवडे एकाच आकड्यावर ठेवतात. जे लिहिलंय तेच उलगडा.

आता गणित करा. वरच्या सहा आठवड्यांत मिळून १४७ थेंब होतात, तेही एकाच डोळ्यात आणि एकही बाहेर न सांडता. पाच मिलीच्या बाटलीतून नोझलप्रमाणे साधारण शंभर ते दीडशे थेंब निघतात. शिवाय उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकायची आहे, म्हणजे ५ जानेवारीला उघडलेली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपलीच. तेव्हा दुसरी बाटली लागणार हे पहिल्याच दिवशी दिसतंय. ते आत्ताच सांगा आणि कोर्सपुरत्या दोन बाटल्या द्या. दुसरीवरही लेबल लावा, 'पहिली संपल्यावर उघडा' असं लिहून. नाहीतर काय होतं, की चौथ्या आठवड्यात बाटली रिकामी होते, पेशंट समजतो औषध संपलं म्हणजे कोर्स संपला, आणि स्टेरॉइड अध्येच तुटतो.

५. लेबल चिकटवायचं कुठे

खोक्यावर एक, बाटलीवर एक. खोक्यावरचं मोठं आणि सविस्तर, बाटलीवरचं नेमकं. वेळ एकाच लेबलाचा असेल तर बाटली निवडा.

बाटलीवर चार गोष्टी झाकायच्या नाहीत: औषधाचं नाव आणि टक्केवारी, बॅच नंबर, एक्सपायरी, लाल आरएक्सची खूण. मग जागा उरते कुठे? पाच मिलीच्या बाटलीला उरते पाठीमागे थोडी. तिथे मावत नसेल तर झेंडा करा: स्टिकरचं एक टोक बाटलीला गुंडाळा, उरलेला भाग स्वतःवर दुमडून चिकटवा म्हणजे बाटलीला पताकेसारखा कागद उभा राहतो. दोन्ही बाजूंना लिहिता येतं. सुरुवातीला वाकडा होतो, दहा-पंधरा बाटल्यांनंतर हात बसतो. झेंडा झाकणाच्या खाली राहील एवढं बघा, नाहीतर झाकण फिरवताना फाटतो आणि कागदाचा तुकडा नोझलला लागतो.

फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर दव जमतं आणि त्यावर स्टिकर धरत नाही. कापसानं किंवा टिश्यूनं पुसून कोरडी करा, लेबल लावा, वरून पारदर्शक पट्टीचा एक वेढा द्या. पट्टीचा वेढा मी सगळ्याच लेबलांना देते. ओले हात लागतातच.

दोनतीन बाटल्या असतील तर टिकल्या काढा. फुगीर वेलवेटची टिकली बोटाला जाणवते. जंतूच्या औषधाला एक, सुजेच्याला दोन, ती झाकणावर नव्हे तर बाटलीच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात. पेशंटच्या हातात देऊन बोट फिरवायला लावा. रबरबँड लावून पाहिलं आहे, तो दोन दिवसांत निघतो.

झाकणाच्या रंगावरून मात्र कधीच ओळख सांगू नका. 'गुलाबी झाकणाचं चारदा' हे सोपं वाटतं. पण आपल्याकडे सगळ्या कंपन्या एकच रंगपद्धत पाळत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची बाटली आली की गुलाबी झाकणाखाली भलतंच औषध असतं.

एकदाच वापरायच्या छोट्या प्लॅस्टिक कुप्या असतात, त्यांवर लेबल लावणं शक्य नाही. त्यांच्या पाकिटावर लावा आणि 'उघडलेली कुपी ठेवू नका' असं लिहा. त्यांत बहुधा प्रिझर्वेटिव्ह नसतं. लोक उरलेला अर्धा थेंब संध्याकाळसाठी जपून ठेवतात.

६. उघडल्याची तारीख आणि इंदूरचा मे महिना

'उघडली ता.' ही ओळ रिकामी सोडून दिली तर ती रिकामीच राहते. पेशंट आजच सुरू करणार असेल तर काउंटरवरच तारीख भरा, आणि फेकायची तारीखही कॅलेंडर पाहून तुम्हीच लिहा. एक्सपायरी २०२७ ची आहे म्हणून उघडलेली बाटली २०२७ पर्यंत चालते, असं सुशिक्षित माणसंही मानतात. बंद बाटलीची मुदत वेगळी, उघड्या बाटलीची वेगळी, हे तोंडानंही सांगा.

साठवणुकीचं लेबल वाचूनच लावा, सरसकट 'फ्रीजमध्ये ठेवा' नको. काचबिंदूचा लॅटॅनोप्रोस्ट बहुतेक कंपन्यांचा उघडेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो आणि उघडल्यावर २५ अंशांखाली चालतो. काही कंपन्यांचा खोलीच्या तापमानाला टिकणारा प्रकारही मिळतो, म्हणून पाकीट पाहा. क्लोरॅम्फेनिकॉलचा ड्रॉपही थंड जागेतला. आता '२५ अंशांखाली' हे इंदुरात एप्रिल ते जूनमध्ये फक्त फ्रीजमध्येच सापडतं, बाहेर पारा चाळिशीपार असतो. उन्हाळ्यात असा ड्रॉप फ्रीजच्या दारात उभा ठेवायला लिहा. 'बर्फाच्या कप्प्यात नको' हेही लिहा, कारण लोक ठेवतात. आणि दुकानातून निघताना स्कूटरच्या डिक्कीत टाकू नका म्हणून सांगा. दुपारी तीन वाजता उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीला हात लावून पाहा, मग कळेल. लॅटॅनोप्रोस्ट दूर सुदामानगरला जाणार असेल तर थंड पाण्याच्या पिशवीबरोबर द्या.

७. हातात देताना

लेबल वाचून दाखवा, मग पेशंटला किंवा बरोबरच्या माणसाला म्हणा, "आजी, आता तुम्ही मला सांगा, हे कोणत्या डोळ्यात आणि किती वेळा?" 'समजलं ना?' असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. उत्तर चुकलं तर लेबल सुधारायची वेळ आहे, आजींना पुन्हा समजावण्याची नंतर.

टाकायची रीत थोडक्यात: हात धुवा, मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, वर बघा, एकच थेंब. डोळ्याच्या खिशात एका थेंबाहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावर येतो. टोक पापणीला लावू नका. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी उतरतं. टिमोलॉलला हे विशेष महत्त्वाचं. दोन वेगळ्या ड्रॉपांत पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम सगळ्यांत शेवटी. ही क्रमवारी बाटल्यांवर वर्तुळात १, २, ३ अशी टाकली की घरी विचारावं लागत नाही.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी तरुण मंडळी असतील तर ड्रॉपमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह आहे का बघा. ते लेन्समध्ये शोषलं जातं. लेन्स काढून टाका, पंधरा मिनिटांनी घाला. बाहुली मोठी करणाऱ्या ड्रॉपवर 'गाडी चालवू नका' हे लिहायलाच हवं.

८. नोंदी

चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि दिल्याची तारीख. बिलात पेशंट, डॉक्टर, औषध, बॅच, एक्सपायरी आणि तुमची सही. यातला चुकणारा भाग शेड्यूल एच-१ चा, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या यादीचा आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ही जंतूंवरची औषधं त्या यादीत आहेत. यादीतून वरून लावायची औषधं वगळली आहेत म्हणून अनेक जण ड्रॉपही वगळलाय असं धरतात. तसं नाही. डोळ्यांची, कानांची आणि नाकाची औषधं त्या सवलतीत येत नाहीत. तेव्हा मॉक्सिफ्लॉक्सासिनचा साधा ड्रॉपही एच-१ रजिस्टरमध्ये जातो: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१४ च्या मार्चपासून हे लागू आहे, तरी ड्रग इन्स्पेक्टर आले की रजिस्टरची शोधाशोध करणारी दुकानं अजून दिसतात.

नेहमीचे घोटाळे

'मागच्या वेळी दिला होता तोच द्या.' मागच्या वेळचा ड्रॉप स्टेरॉइड असेल तर चिठ्ठीशिवाय नाही, म्हणजे नाही. आपल्या माळव्यात गहू-सोयाबीनच्या कापणीत डोळ्याला काडी लागून माणसं येतात. त्या जखमेत बुरशी असू शकते, आणि स्टेरॉइडनं दोन दिवस लाली उतरते, आत बुरशी फोफावते. डोळा जातो. अशा माणसाला ड्रॉप न देता एमवाय या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवा. चिठ्ठीशिवाय बराच काळ स्टेरॉइड टाकत राहिल्यानं डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, तो आणखी वेगळा धोका.

पावसाळ्यात डोळे येतात तेव्हा एका बाटलीवर सारं घर चालतं. म्हणूनच लेबलवर नाव हवं. दुसऱ्याच्या नावाची बाटली उचलताना माणूस निदान थबकतो.

रंगपंचमीच्या दुपारी राजवाड्याची गेर (रंगाची मिरवणूक) पाहून आलेली पोरं लालभडक डोळे घेऊन काउंटरवर येतील आणि 'भिया, कोई ड्रॉप दे दो' म्हणतील. आधी स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवायला लावा, ड्रॉप नंतर, आणि दिसायला कमी असेल तर डॉक्टर. ज्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांना सणाच्या आठवड्यात औषध देताना 'गेरेला जायचं नाही' हे मी लेबलखाली हातानं लिहून देते. तोंडी सांगितलेलं घरातली उत्साही मंडळी ऐकत नाहीत.

काही दुकानांत मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत ड्रॉप भरून देतात असं नव्यांना सांगितलं जातं. तसलं काही करायला सांगितलं तर नकार द्या. निर्जंतुक औषध एकदा ओतलं की ते निर्जंतुक राहत नाही आणि त्यावर लावलेलं लेबल खोटं ठरतं.

पेशंटचा फोन येईल: 'ते पांढरं औषध चारदा की दोनदा?' फोनवर रंगावरून उत्तर देऊ नका. बाटली हातात घ्यायला सांगा, लेबलवर लिहिलेलं सगळं वाचायला लावा. वाचता येत नसेल, पुसली असेल, तर बाटली घेऊन कुणाला तरी दुकानात पाठवायला सांगा आणि बिल पाहून नवं लेबल लावून द्या. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.